ओपनक्यूएमध्ये पायथनच्या टेस्ट लिहायच्यात? चालेल, पण घर पर्लचं आहे

प्रश्न थोडक्यात असा होता: आमच्याकडे ओपनक्यूए आहे, जुन्या सगळ्या टेस्ट पर्लमध्ये, पर्ल नीट येणारा एकच माणूस होता तोही गेला, उरलेले सगळे पायथनवाले. नवीन टेस्ट मॉड्यूल पायथनमध्ये लिहिता येतात असं ऐकलंय, खरंच येतात का, आणि आले तरी लिहावेत का?

येतात. मी लिहिलेत, काही अजून रोज रात्री चालतात आणि काही मी स्वतःच परत पर्लमध्ये नेलेत, ते का ते पुढे सांगतो. एक आधीच सांगून टाकतो, हे सगळं देवनागरीत टाइप करतोय म्हणून कोड वाचून दाखवल्यासारखा लिहिणार आहे, फंक्शनच्या नावातले अंडरस्कोर तुमचे तुम्ही घाला.

ज्यांनी ओपनक्यूए पाहिलंच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हे ओपनसूसेवाल्यांचं टूल, आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तपासायचं. टम्बलवीड या त्यांच्या लिनक्सचा नवा स्नॅपशॉट (ताजी आवृत्ती) बाहेर पडायच्या आधी यातूनच जातो, फेडोरावालेही वापरतात. वर दिसतो तो वेबचा भाग, पण खरं काम करतो तो खालचा ओएस-ऑटोइन्स्ट, आणि त्यातला आयसोटोव्हिडिओ नावाचा प्रोग्रॅम. तो क्यूईएमयू नावाच्या एम्युलेटरमध्ये एक व्हीएम (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर) चालू करतो, व्हीएनसीवरून, म्हणजे दुरूनच, तिचा स्क्रीन बघतो, तिकडे कळा दाबतो, माउस हलवतो, आणि दिसणारं चित्र आपल्याकडच्या नीडलशी ताडून बघतो. नीडल म्हणजे एक पीएनजी आणि त्याच नावाची एक जेसन फाइल, जेसनमध्ये चित्राचा कुठला तुकडा जुळायला हवा ते लिहिलेलं असतं, वेगळं काही सांगितलं नाही तर ९६ टक्के जुळलं की पास. एकूण सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकायचा, आणि हाकणारा पर्लमध्ये बोलतो.

मग पायथन यात शिरतो कुठून? इनलाइन पायथन नावाचं पर्लचं एक मॉड्यूल आहे, ते पर्लच्या प्रोसेसच्या पोटातच पायथनचा इंटरप्रिटर चालू करतं. तुम्ही टेस्टची फाइल डॉट पीएमऐवजी डॉट पीवाय दिली की लोडटेस्ट हे फंक्शन तिचा सगळा मजकूर वाचतं, तुमच्या फाइलच्या नावाचं एक पर्ल पॅकेज बनवतं, त्याला बेसटेस्ट (ओएस-ऑटोइन्स्टमधला टेस्टचा मूळ क्लास) हा पालक देतं आणि तुमचा मजकूर इनलाइन पायथनच्या हवाली करतं. मग तुमची पायथन फंक्शनं पर्लला स्वतःच्याच मेथडसारखी दिसायला लागतात. वेगळी प्रोसेस नाही, वेगळा सर्व्हर नाही, काही नाही. म्हणून मी म्हणतो की पायथन इथे भाडेकरू आहे. खोली स्वतःची, पण पाण्याची वेळ, गेटची किल्ली आणि लाइटचं मीटर सगळं मालकाकडे.

फाइल दिसायला फारच साधी असते, तीच तिची गंमत. पहिल्या ओळीत फ्रॉम टेस्टएपीआय इम्पोर्ट स्टार, टेस्टएपीआय म्हणजे व्हीएमशी बोलायची तयार फंक्शनं. मग डेफ रन, आत सेल्फ, आणि त्यात तुमच्या पायऱ्या: असर्ट स्क्रीनला नीडलचा टॅग द्यायचा (फाइलचं नाव नाही, टॅग, नवीन माणूस इथे हमखास चुकतो), टाइप स्ट्रिंग, सेंड की, असर्ट अँड क्लिक, असर्ट स्क्रिप्ट रन. हवं तर टेस्ट फ्लॅग्ज नावाचं फंक्शन, ते डिक्शनरी परत देतं, फेटल (म्हणजे ही पडली की पुढचं सगळं थांबव) हवं असेल तर फेटलपुढे १. आणि पोस्ट फेल हुक, म्हणजे टेस्ट पडली की लॉग गोळा करायला धावणारं फंक्शन. झालं. मेन डॉट पीएम, म्हणजे कुठल्या टेस्ट चालवायच्या त्यांची यादी लावणारी फाइल, मात्र पर्लच राहतं, त्यात लोडटेस्टच्या ओळीत तुमच्या फाइलचं नाव डॉट पीवायसकट लिहायचं, तेवढं पर्ल कोणालाही जमेल.

इथवर सगळं सोपं आहे, आता जिथे माणसं आपटतात तिथे येतो.

पहिली गोष्ट, आणि हीच मी सगळ्यात जास्त वेळा समजावलीय: तुमचा पायथन त्या व्हीएममध्ये चालत नाहीये. तो वर्करवर, म्हणजे आयसोटोव्हिडिओ ज्या मशीनवर चालतो तिथे, चालतोय. नवीन पोरं येतात, त्यांना पायथन चांगला येतो म्हणून सवयीने रनमध्ये सबप्रोसेस इम्पोर्ट करतात, एखादी कमांड मारतात, आउटपुटही छान येतं, टेस्ट पास. आउटपुट वर्करचं! व्हीएममध्ये ते पॅकेज इन्स्टॉलच नव्हतं, वर्करवर होतं, म्हणून पास. एकाने तर ओएस पाथ एक्झिस्ट्सने फाइल आहे का ते तपासलेलं आणि वर्करवर ती फाइल कायमच होती. अशी टेस्ट कधी पडणारच नाही, जन्मभर हिरवी. व्हीएममध्ये काही करायचं तर टेस्टएपीआयमधूनच जायचं, दुसरा दरवाजा नाही. आणि तो दरवाजा आतून कसा आहे तेही माहीत असू द्या: स्क्रिप्ट रन म्हणजे तुमची कमांड तिकडे खरोखर टाइप होते, तिच्या शेपटाला एक खूण आणि एक्झिट कोड सीरियल पोर्टवर एको करणारा तुकडा जोडलेला असतो, आणि इकडे पर्ल त्या सीरियल पोर्टवर ती खूण यायची वाट बघत बसतं. वाट बघायची मुदत स्क्रिप्ट रनला ३० सेकंद, असर्ट स्क्रिप्ट रनला ९० सेकंद, असर्ट स्क्रीनला पण ३०. मोठं पॅकेज टाकताना ९० सेकंद पुरत नाहीत आणि मग लोक म्हणतात की पायथनमुळे स्लो झालं. पायथनचा काही संबंध नाही त्यात.

टाइप होते म्हणजे एकेक अक्षर करून टाइप होते हो. पायथनमध्ये तीन अवतरणचिन्हांत पन्नास ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून ती टाइप स्ट्रिंगला देण्याचा मोह फार होतो. देऊ नका, मध्येच एखादी कळ गळते आणि मग बॅश पुढच्या चिन्हासाठी ताटकळत बसतं. लांबलचक काही असेल तर रिपॉझिटरीच्या डेटा फोल्डरमध्ये फाइल ठेवा, डेटा यूआरएल हे फंक्शन तिचा पत्ता देतं, व्हीएममध्ये कर्ल या डाउनलोडच्या कमांडने ओढा आणि चालवा. स्क्रिप्ट आउटपुटही मोठी स्क्रिप्ट साधारण याच मार्गाने पोचवतं, म्हणून तुमच्या अगदी बारीक इमेजमध्ये कर्ल नसेल तर ते विचित्र तऱ्हेने पडतं.

आता पर्ल आणि पायथन यांच्यातली सीमारेषा. यावर माझे दोन आठवडे गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका ठिकाणी आम्ही ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांसाठी एकच मॉड्यूल लिहिलेलं. रनच्या सुरुवातीला गेट व्हारने (जॉबचं सेटिंग वाचणारं फंक्शन) डेस्कटॉपची व्हॅल्यू घ्यायची, ती ग्नोम असेल तर अमुक तपासायचं, नसेल तर गप बाहेर पडायचं. अगदी निरागस कोड. सगळीकडे हिरवं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी व्हिडिओ उघडून बघितला (ओपनक्यूए प्रत्येक जॉबचा व्हिडिओ ठेवतं, कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी) तर त्यात काहीच घडत नव्हतं, मॉड्यूल एका सेकंदात येऊन जात होतं. कारण काय, तर पर्लच्या स्ट्रिंगला यूटीएफ-८ चा झेंडा (पर्लची आतली खूण) लावलेला नसेल तर ती पायथन ३ मध्ये स्ट्रिंग म्हणून येत नाही, बाइट्स म्हणून येते. आणि बाइट्समधलं ग्नोम आणि स्ट्रिंगमधलं ग्नोम यांची तुलना पायथन मुकाट्याने फॉल्स देतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. आम्ही फसलो त्याला आणखी एक कारण होतं, शेजारच्या मॉड्यूलमध्ये स्क्रिप्ट आउटपुटचं जेसन आम्ही पायथनच्या जेसन लोड्सने वाचत होतो आणि ते अगदी बरोबर चालत होतं, कारण जेसन लोड्सला बाइट्स पण चालतात! त्यामुळे स्ट्रिंग नीट येतायत अशी सगळ्यांची खात्री पटलेली.

उपाय दोन. व्हॅल्यू फक्त ताडून बघायची असेल तर चेक व्हार वापरा, तुलना पर्लच्या अंगणातच होते आणि फक्त उत्तर इकडे येतं. व्हॅल्यू हातात हवीच असेल तर एक चार ओळींचं फंक्शन लिहून ठेवा, बाइट्स असेल तर डीकोड कर, नन असेल तर ननच दे, नाहीतर आहे तसं दे, आणि पर्लकडून येणारी प्रत्येक स्ट्रिंग त्यातून गाळून घ्या. नन कुठून आलं? पर्लचं अनडेफ इकडे नन होऊन येतं, म्हणजे व्हेरिएबल सेटच केलेलं नसेल तर गेट व्हार नन देतं.

याचंच सावत्र भावंड म्हणजे शून्य. ओपनक्यूएची सेटिंग्ज बहुतेक वेळा मजकूर म्हणूनच येतात. जॉबमध्ये कोणी अमुक बरोबर ० असं लिहून एखादी गोष्ट बंद केली तर पर्ल त्या '०' अक्षराला खोटं मानतं, आणि पायथन? रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. म्हणजे पर्लमधली इफ गेट व्हार अशी ओळ तुम्ही जशीच्या तशी पायथनमध्ये उतरवली तर बंद केलेली गोष्ट चालू होते. जुनी मॉड्यूल भाषांतरित करताना ही एक जागा मी आता मुद्दाम शोधून बघतो. उलट्या दिशेनेही तेच, पर्लला काही पाठवायचं तर ट्रू फॉल्सच्या ऐवजी सरळ १ आणि ० पाठवा, डोक्याला ताप नाही.

नावाने द्यायच्या आर्ग्युमेंटचं काय, हे हमखास विचारतात. पर्लमध्ये टाइमआउट मोठा बाण ३०० असं दिसतं ना, ते खरं तर काही विशेष नाही, तो बाण म्हणजे सजवलेला स्वल्पविराम. फंक्शनला शेवटी एक सपाट यादीच मिळते: कमांड, मग टाइमआउट हा शब्द, मग ३००. म्हणून पायथनमधून मी तसंच सपाट लिहितो, असर्ट स्क्रिप्ट रन, कंसात कमांड, स्वल्पविराम, अवतरणात टाइमआउट, स्वल्पविराम, ३००. दिसायला गावंढळ आहे पण त्यात काय चाललंय ते उघड दिसतं. याद्या आणि डिक्शनऱ्या मात्र आपोआप पर्लच्या अॅरे आणि हॅशच्या रेफरन्समध्ये बदलतात, त्यामुळे असर्ट स्क्रीनला दोन-तीन टॅगची पायथन लिस्ट बिनधास्त द्या आणि नंतर मॅच हॅज टॅगने त्यातलं कुठलं दिसलं ते विचारा.

एक्सेप्शन. पर्लचा डाय इकडे पायथनचं एक्सेप्शन होऊन येतो आणि पायथनचं एक्सेप्शन तिकडे डाय होऊन जातं, हे छान काम करतं, आणि छान काम करतं म्हणूनच धोका आहे. पायथनवाल्यांना ट्राय एक्सेप्टची सवय. असर्ट स्क्रिप्ट रनला ट्रायमध्ये गुंडाळून एक्सेप्टमध्ये पास लिहिलंत की तुम्ही अपयश गिळलंत. एखादी गोष्ट झाली तरी चालेल न झाली तरी चालेल अशी असेल तर त्यासाठी वेगळी फंक्शनं आहेतच, स्क्रिप्ट रन एक्झिट कोड परत देतं, चेक स्क्रीन न दिसल्यास पडत नाही. त्यांचा वापर करा. रिव्ह्यूमध्ये टेस्ट मॉड्यूलमधला उघडा एक्सेप्ट दिसला की मी पुढचं वाचतच नाही, परत पाठवतो. माणूस चिडतो, चिडू दे.

आता नावांची मारामारी. इनलाइन पायथन तुमच्या सगळ्या डॉट पीवाय मॉड्यूलचा मजकूर एकाच इंटरप्रिटरमध्ये, एकाच मुख्य नेमस्पेसमध्ये ओततं. आणि ओपनक्यूए सगळी मॉड्यूल सुरुवातीलाच लोड करतं, मग एकेक चालवतं. म्हणजे पहिल्या फाइलमध्ये तुम्ही थांब-पूर्ण-होईपर्यंत छापाचं एक मदतनीस फंक्शन लिहिलं आणि पाचव्या फाइलमध्ये दुसऱ्या कोणीतरी त्याच नावाचं वेगळं लिहिलं, तर पहिलं मॉड्यूल चालताना पाचव्यातलं फंक्शन धावतं. आमच्याकडे एका मॉड्यूलचा टाइमआउट अचानक ६०० चा ६० झाला आणि त्या फाइलला तर कोणी हातही लावलेला नव्हता, गिटचा इतिहास कोरा, भुताटकी वाटायला लागली. नंतर कळलं की नवीन आलेल्या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचं फंक्शन होतं. तेव्हापासून नियम: टेस्टच्या फाइलमध्ये रन, टेस्ट फ्लॅग्ज आणि पोस्ट फेल हुक ही तिघंच, आणि तिन्ही प्रत्येक फाइलमध्ये स्वतः लिहायचीच, अगदी रिकामी का असेनात. ग्लोबल व्हेरिएबल नाही, मदतनीस नाही. मदतनीस सगळे शेजारच्या साध्या पायथन फाइलमध्ये, आणि तिथून इम्पोर्ट. टेस्ट फाइलचं फोल्डर पायथनच्या शोधमार्गात घातलेलं असतं म्हणून शेजारची फाइल सहज सापडते.

याने आणखी एक फायदा फुकटात मिळतो. मॉड्यूलचा मजकूर स्ट्रिंग म्हणून दिला जात असल्याने ट्रेसबॅकमध्ये फाइलचं नाव येत नाही, फक्त कोनी कंसात स्ट्रिंग असं येतं आणि ओळ क्रमांक. आठ मॉड्यूल असतील तर कुठल्या फाइलची ओळ ४२ ते तुम्हीच ओळखा. इम्पोर्ट केलेल्या फाइलचं मात्र नाव, ओळ, सगळं व्यवस्थित छापलं जातं. हे ट्रेसबॅक ऑटोइन्स्ट लॉगमध्ये शोधायचे, वेबच्या पानावर पूर्ण दिसतीलच असं नाही.

आणि तिसरा फायदा, माझ्या मते हाच पायथन घेण्याचं खरं कारण: ती शेजारची फाइल पायटेस्टने, म्हणजे पायथन कोड तपासायच्या नेहमीच्या टूलने, तपासता येते, व्हीएम नको, नीडल नको, काही नको. व्हीएममधून लॉग आणला, त्यातून काय बिघडलं ते काढलं, आवृत्त्यांची तुलना केली, दोन जेसन ताडून बघितले, असलं सगळं डोकं या फाइलमध्ये ठेवा आणि रनमध्ये फक्त स्क्रीनशी आणि कन्सोलशी बोलणं. एका ओपनक्यूए जॉबला वीस मिनिटं लागत असतील आणि तुमची चूक एका रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये असेल तर वीस मिनिटं कशाला घालवायची.

वेळेचा पण एक घोळ आहे. फाइलच्या वरच्या पातळीवर लिहिलेला कोड लोडच्या वेळी चालतो, तेव्हा व्हीएम जन्मलेली पण नसते. आणि लोड झाल्यावर टेस्ट चालवण्यासाठी प्रोसेस फोर्क होते, म्हणजे तिची एक प्रत बनते. म्हणून वरच्या पातळीवर थ्रेड चालू करणं, डेटाबेसचं कनेक्शन उघडणं, लॉगची फाइल उघडून ठेवणं हे सगळं टाळा, थ्रेड तर फोर्कनंतर पलीकडे येतच नाहीत. जे काय करायचं ते रनच्या आत.

आणि रोलबॅक! मॉड्यूलला माइलस्टोन फ्लॅग असेल तर ते पास झाल्यावर क्यूईएमयूचा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) घेतला जातो, आणि पुढचं एखादं फेटल नसलेलं मॉड्यूल पडलं की व्हीएम त्या स्नॅपशॉटवर परत जाते. व्हीएम परत जाते, तुमचा पायथन नाही. कुठल्या तरी इम्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये तुम्ही 'यूजर बनवला' असं ट्रू करून ठेवलं असेल तर रोलबॅकनंतर यूजर गायब आणि तुमचा ट्रू जागच्या जागी. मी म्हणूनच मॉड्यूल ते मॉड्यूल काहीही लक्षात ठेवत नाही, दर वेळी व्हीएमलाच विचारतो की बाई यूजर आहे का. पाच सेकंद जास्त लागतात.

आता तुमच्या जुन्या पर्ल लायब्ररीचा विषय, कारण तुमच्या प्रश्नात खरं दुखणं तेच आहे. पायथनमधून पर्लची लायब्ररी वापरता येते: इम्पोर्ट पर्ल करायचं, पर्ल डॉट रिक्वायरने मॉड्यूल आणायचं आणि मग पर्ल डॉट मॉड्यूलचं नाव डॉट फंक्शन असं बोलवायचं. सुटं फंक्शन असेल तर झकास चालतं. पण क्लास वारसाहक्काने घेणं वेगळं. वर सांगितलं तसं पायथनच्या मॉड्यूलला पालक म्हणून बेसटेस्टच मिळतो, तुमच्या प्रोजेक्टने बनवलेला स्वतःचा बेसक्लास नाही. म्हणजे त्या गेलेल्या माणसाने पोस्ट फेल हुकमध्ये जर्नल गोळा करणं, नेटवर्कची अवस्था टिपणं, कोअरडंप अपलोड करणं असं जे काय चार वर्षांत जमवलं असेल ते पायथनच्या मॉड्यूलला आपोआप मिळत नाही. टेस्ट पडते आणि हातात एक स्क्रीनशॉट, बास. हे पडल्याशिवाय लक्षात येत नाही हीच पंचाईत. यावर माझा तोडगा असा की त्या बेसक्लासमधला लॉग गोळा करणारा भाग कोणाकडून तरी सुट्या पर्ल फंक्शनमध्ये काढून घ्या, मग पर्लचा बेसक्लास पण तेच बोलावेल आणि पायथनचा पोस्ट फेल हुक पण. मी परत पर्लमध्ये नेलेली मॉड्यूल होती ती नेमकी या जातीची, बेसक्लासच्या मेथडवर पावलोपावली अवलंबून. पायथनमध्ये ती लिहिणं म्हणजे द्राविडी प्राणायाम होता.

वर्करची बाजू पण बघून ठेवा. इनलाइन पायथन ज्या पायथनच्या आवृत्तीवर बांधलंय तीच आवृत्ती चालणार, तुमचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट त्याला माहीत नाही. एखादं पिपचं पॅकेज हवं असेल तर ते प्रत्येक वर्करवर सिस्टिमच्या पायथनसाठी असायला हवं, नाहीतर जॉब या वर्करवर पडला तर पास आणि त्या वर्करवर पडला तर फेल. म्हणून शक्यतो स्टँडर्ड लायब्ररीतच भागवा, टेस्टसाठी ती पुरते. बाहेरचं काही लागलंच तर आधी वर्कर सांभाळणाऱ्या माणसाला चहा पाजा.

एक छोटी गोष्ट आपल्या लोकांसाठी. टेस्टच्या पायथन फाइलमध्ये मराठी कमेंट लिहू नका, इनलाइन पायथनचं यूटीएफ-८ शी फारसं जमत नाही, ओएस-ऑटोइन्स्टच्या कोडमध्येच लोडटेस्टमध्ये यासाठी मुद्दाम यूटीएफ-८ बंद केलेलं आहे. आणि मराठी लोकॅल तपासताना टाइप स्ट्रिंगला देवनागरी द्यायचा प्रयत्न पण नको, ते कळा दाबतं, अक्षरं पाठवत नाही. देवनागरी नावाची फाइल बनवायची असेल तर डेटा फोल्डरमधून स्क्रिप्ट ओढा आणि तिला बनवू द्या. स्क्रीनवर जोडाक्षरं नीट दिसतायत का हे मात्र नीडलने फार सुंदर तपासता येतं, फॉन्ट बदलला आणि 'र्‍य' तुटला की लगेच लाल.

पायथनची एक बाजू निर्विवाद चांगली, शेलच्या कमांड लिहिणं. पर्लमध्ये दुहेरी अवतरणात डॉलर किंवा अॅट आला की तो व्हेरिएबल समजतो, मग उलट्या तिरक्या रेघांचं जंगल. पायथनमध्ये डॉलर म्हणजे फक्त डॉलर. फक्त एफ-स्ट्रिंगमध्ये ऑकच्या (मजकूर चाळणाऱ्या टूलच्या) कमांड लिहू नका, महिरपी कंसांवरून तिथे तेच जंगल परत उगवतं.

काम करताना दर वेळी पूर्ण ओपनक्यूएमधून जॉब पाठवायची गरज नाही. आयसोटोव्हिडिओ नुसता पण चालतो, एका रिकाम्या फोल्डरमध्ये व्हार्स डॉट जेसन ठेवायची, त्यात केसडिर म्हणजे तुमच्या टेस्टचा पत्ता आणि बाकी सेटिंग्ज, आणि तिथूनच चालवायचं. फक्त फाइल लोड होतायत का आणि यादी बरोबर लागतेय का एवढंच बघायचं असेल तर एक्झिट आफ्टर शेड्युल नावाचं व्हेरिएबल आहे, त्याच्या सुरुवातीला पण एक अंडरस्कोर असतो, ते १ केलं की तो यादी लावून थांबतो, व्हीएमच्या नादी लागत नाही. हे आम्ही प्रत्येक मर्ज रिक्वेस्टवर चालवतो, इंडेंटेशनची चूक तिथेच सापडते. लिंटर, म्हणजे कोडमधल्या खोड्या दाखवणारं टूल, मात्र इम्पोर्ट स्टारवरून खूप कुरकुर करतो, तेवढा नियम टेस्टच्या फोल्डरपुरता बंद करा.

मग लिहावेत का? तुमचा प्रोजेक्ट नवा असेल, पर्लची लायब्ररी हाताशी नसेल, किंवा टेस्टमध्ये स्क्रीनपेक्षा डेटा जास्त असेल तर खुशाल लिहा. पण चार वर्षांची पर्ल लायब्ररी असताना केवळ पर्लच्या डॉलरची भीती वाटते म्हणून पायथन घेत असाल तर मी म्हणेन दोन आठवडे पर्ल शिका. टेस्ट मॉड्यूलमध्ये लागणारं पर्ल फार थोडं आहे हो: माय, हॅश, इफ, फॉर, थोडं रेग्युलर एक्सप्रेशन, फंक्शन कसं लिहायचं, संपलं. तसंही पायथनचं मॉड्यूल लाल झालं की तुम्ही शेवटी बेसटेस्ट डॉट पीएम नाहीतर टेस्टएपीआय डॉट पीएम उघडून बसणारच आहात, ते वाचता तरी यायला हवं.

तुमच्या जागी मी असतो तर जुन्यातलं काहीच हलवलं नसतं. एक नवीन मॉड्यूल घ्या, जे एखादी कमांड चालवून तिचं जेसन तपासतं असं काहीतरी, नीडल एकही नसलेलं, फेटल नसलेलं. ते पायथनमध्ये लिहा, मुद्दाम तीन प्रकारे पाडून बघा: व्हीएममधली कमांड फेल करून, पायथनमध्ये शून्याने भागून, आणि टाइमआउट एक सेकंद करून. तिन्ही वेळा लॉगमध्ये काय दिसतं आणि पोस्ट फेल हुकने काय काय अपलोड केलं ते टीमसमोर स्क्रीनवर दाखवा. त्यावरून पुढचं मॉड्यूल कशात लिहायचं ते टीमच ठरवेल.